शनिवारचा वर्ग

११ जानेवारी २०२५, शनिवार

शाळेत असताना मधल्या सुट्टीत चिंचेखाली मर्सी आणि मी. तिच्या डब्यातला पाव मला, माझी सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, तिला. तिला कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास, आम्हा हिंदू मुलींना नीतिपाठाचा. बाहेर आली की विचारायची, "काल तुझ्या आजीने पुढे काय सांगितलं? सीता सापडली?" पन्नासच्या वर वर्षं झाली. आज तिची नात प्रिन्सी माझ्या गोष्टींच्या वर्गात अगदी पुढे बसली होती — तसेच डोळे. पुढच्या गोष्टीतला हत्ती ती रंगवून आणणार आहे.

वर्ग सुटल्यावर परेश थांबला. सोसायटीचा सेक्रेटरी; खोली त्याच्या ताब्यात. "काकू, माझं काही नाही हो. पण पालक बोलतात. रामायण-महाभारताचा वर्ग, त्यात ख्रिश्चन मुलगी कशाला? रविवारी सकाळी ठेवा. तेव्हा तिचं चर्च असतं. कोणाला नको म्हणायलाच नको."

"बघते," म्हणाले. नुसतं बघते!

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन मर्सीकडे. प्रिन्सीला म्हटलं, "शनिवारचा वर्ग आता नसणार गं." शब्द न् शब्द खरा. ती म्हणाली, "पण माझा हत्ती निम्माच झालाय." मर्सी आत चहा करत होती. मी चहा न घेताच निघाले.

१६ जानेवारी

मर्सीचा फोन. दोनदा. घेतला नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज युधिष्ठिराची गोष्ट. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला, द्रोणांना वाटलं मुलगा गेला. 'हत्ती' हे युधिष्ठिर हळूच म्हणाला, आणि जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला.

परेशची उन्नती म्हणाली, "आजी, पण हत्ती खरंच मेला होता. मग ते खोटं कसं?"

"समोरच्याचा काय समज व्हावा म्हणून आपण बोललो, ते बघायचं," मी म्हणाले.

तिने जरा विचार केला. "प्रिन्सी शाळेत सांगत होती, आजींनी वर्ग बंद केला. तुम्ही तिला रविवारचं सांगितलं नाही?"

पंधरा मुलं माझ्याकडे बघत होती. "नाही सांगितलं," एवढंच म्हणता आलं. मुलांना लवकर सोडलं.

दुपारी मर्सीचा फोन घेतला. "सुहास, पोरगी विचारते, माझं काय चुकलं? काय सांगू गो तिला?"

"उद्या येते," म्हणाले.

२० जानेवारी

खोलीची किल्ली परेशला. मुलांच्या नावांची यादी उन्नतीला — ज्याला यायचं त्याने शनिवारी चार वाजता माझ्या घरी यावं, हे तिने सांगायचं. चित्रांची पिशवी आणि रंग प्रिन्सीला.

ही वही मर्सीला. ती पहिल्यापासून वाचेल तोवर मी तिच्या दारापुढच्या ओट्यावर बसेन. आत बोलावलं तर जाईन.