बोट बुडवलेलं पाणी

मंगळवार, ४

कालच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलं की प्रयोगशाळेत आम्ही तिघं: मोठ्या बाई, यंत्र सांभाळणारे गृहस्थ आणि मी. आम्ही चौघं आहोत. काचेची भांडी धुणाऱ्या मावशी दिवसभर समोर होत्या, मला चहाही त्यांनीच दिला, तरी लिहायच्या राहून गेल्या. शाळेत जायच्या आधी अण्णांनी आम्हा दोघी बहिणींना घरीच, जेवणाच्या टेबलावर शिकवलं. त्यांचा पहिला धडा असा की चूक खोडायची नाही. एक रेघ मारायची आणि खरं काय ते खाली लिहायचं.

बाकी सगळं छान. खिडकीशी टेबल, मापाचा पांढरा कोट. दारातल्या हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा पहिल्या फटक्यात ओळखला. यंत्रवाले म्हणाले, नशीबवान आहात, मला ते रोज तीनदा अंगठा चाटायला लावतं.

बुधवार, ५

काम समजलं. दुधात बुरशीचं विष आहे का ते पाहायचं. करंगळीएवढी पोलादी नळी असते, तिला कॉलम म्हणायचं. आत बारीक मणी आणि मण्यांना अँटिबॉडी चिकटवलेल्या. नमुना आत सोडला की त्या फक्त आपल्या ओळखीचा पदार्थ धरून ठेवतात, बाकी सगळं वाहून जातं. मग आम्ल सोडलं की पकड सुटते आणि पडद्यावर शिखर उमटतं. रोज सकाळी आधी नुसतं बफर, म्हणजे कोरं पाणी म्हणा, सोडून पाहायचं. तेव्हा रेष सपाटच हवी.

असे कॉलम काही महिन्यांत थकतात. हा अकरा वर्षं चालतोय. मोठ्या बाई म्हणाल्या, त्याला हात मानवावा लागतो.

शुक्रवार, ७

कोऱ्या बफरला शिखर आलं. लहानसं, पण आलं. विषाचं शिखर ज्या मिनिटाला येतं तेव्हा नव्हे, भलत्याच वेळी. नक्की माझाच निष्काळजीपणा. बाटल्या बदलल्या; पुन्हा तेच. शेवटी शंका मिटवायला हातमोजा काढून बफरमध्ये बोट बुडवलं आणि ते पाणी सोडलं. शिखर पडद्याबाहेर गेलं.

यंत्रवाल्यांनाही बोट बुडवायला लावलं. आता अख्खी आंघोळच घालता का, म्हणाले. त्यांची रेष सपाट.

म्हणजे दोष माझ्यात आहे. रोज तपासायला हवं.

मंगळवार, ११

दिवसातून पाच वेळा बोट बुडवते. शिखर वाढतंय. आज दारातल्या यंत्राने अंगठा नाकारला. भिंगाखाली धरला तर एकही रेषा नाही, नुसता गुळगुळीत. आम्लाने असेल. पण आम्लाला मी हातमोज्याशिवाय हात लावलेलाच नाही.

गुरुवार, १३

अण्णा म्हणत, एकाच नमुन्यावर विसंबू नकोस, त्याच्या जवळचा दुसरा घे. धाकटीचा रुमाल माझ्या पिशवीत निघाला. तो बुडवलेलं पाणी सोडलं. बाटलीवर नीट लिहिलं: नमुना, माझी बहीण. शिखर माझ्या दुप्पट.

मोठ्या बाई पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, ही काय करते गं?

सोमवार, १७

धाकटीला इथे नोकरी! चोवीसला रुजू. फोनवर आनंदाने किंचाळली, आणि मग म्हणाली, ताई, तुझा आवाज असा काय? कुणी दुसरंच बोलतंय वाटतं.

मोठ्या बाईंना विनवलं, तिला घेऊ नका. त्या मायेने म्हणाल्या, अगं, तू आता कितीशी पुरणार?

बुधवार, १९

यंत्रवाल्यांनी विचारलं, आपलं कुणाकडे काम आहे? मी हसले. ते हसले नाहीत.

मावशींनी हात पुसून माझ्यापुढे धरले. दहाही बोटं गुळगुळीत. तुझ्या आधी त्या खिडकीशी मी बसायचे, म्हणाल्या. मीपण बोट बुडवलं होतं, पोरी. मला कुणी काढलं नाही. मी कुणाच्या लक्षातच राहिले नाही.

शुक्रवार, २१

अण्णांना फोन केला. मी म्हणाले, धाकटीला पाठवू नका. त्यांनी विचारलं, आपण कोण? मी सांगितलं. ते चिडले. माझ्या लेकीचा आवाज मला कळत नाही होय? — ठेवून दिला. धाकटीनेही —

पत्र लिहावं तर अक्षर. या वहीचं पहिलं पान उघडलं. हे अक्षर ते नव्हे.

शनिवार, २२

मावशींनी मागच्या दाराने आत घेतलं. कॉलम मारता येतो — उकळता कॉस्टिक सोडा सोडायचा. अँटिबॉडी जळून जातात. पण आपलं शिखरात उतरतं ते थोडं. बाकीचं तो ठेवून घेतो. तेही जाईल. माझं. त्यांचं. जगात तेवढा एकटाच मला ओळखतो, आणि त्यालाच —

माझं जाऊ दे, म्हणाल्या मावशी. तुझं तू बघ.

आज जमलं नाही. सुटीत कॉलम मोठ्या बाईंच्या कपाटात, कुलपात. सोमवारी आठला त्या तो यंत्राला जोडतात आणि चहाला जातात.

रविवार, २३

धाकटी नऊला येणार. सोडा भांड्यांच्या मागे ठेवलाय.

आरशात पाहिलं — नको.

दुरुस्ती. तेरा तारखेला लिहिलं: नमुना, माझी बहीण. रेघ मारली. खरं असं: ती नमुना नाही. ती माझी — तिच्या डाव्या भुवईवर — कुठे होता तो तीळ —

आठवतंय तोवर लिहिते. उद्या सोमवार, चोवीस तारीख, आठ वाजून पाच मिनिटांनी, ती दारात अंगठा ठेवायच्या आधी मी —