रिकामा डबा आणि शिरपामाळचा रस्ता

जव्हार, रविवार

आदरणीय कांतीलालभाऊ यांना रमाकांतचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? नाशिकची थंडी त्याला मानवत नसणार. तुमची बहीण तुमच्याकडे येऊन आज तेवीस दिवस झाले. चंपानं कारण सांगितलंच असेल, पण दुसरी बाजूही ऐकावी. पंचायत समितीत चौतीस वर्षं फायलींवर शेरे मारले. निवृत्त झालो, फायली संपल्या, शेरे काही संपेनात. आमटीला ‘फेरविचार व्हावा’, चहाला ‘विलंबाचे कारण द्यावे’. (तोंडी नव्हे, लेखी. चिठ्ठ्या फ्रिजवर चिकटवत होतो. चूक कबूल.) रात्री झोप नाही, छातीत धडधड, आणि सगळा राग तिच्यावर. “डोकं शांत झालं की बोलवा,” म्हणून ती निघाली.

डॉक्टरांनी तपासलं तर हृदय ठणठणीत. “ताण आहे, रोज तासभर चाला,” म्हणाले. आता चालण्यानं पायांचं काय होतं ते कळतं, पण डोक्याचं काय होणार? हे कुतूहल काही गप्प बसू देईना, म्हणून शिरपामाळच्या रस्त्याला लागलो.

पण भाऊ, आपल्याकडे विनाकारण चालणं सोपं नाही. पहिल्याच दिवशी गावातल्या जीपवाल्या फागूनं गाडी कचकन थांबवली. “सायब, कठं चालला?” म्हटलं, कुठंच नाही. “मग बसा ना, सोडतो तिथं!” पायी माणूस म्हणजे गाडी चुकलेला, हा इथला नियम. अकरा मिनिटांत व्यायाम आटोपून मी घरच्या दारात. चार दिवसांत गावभर झालं, बायको गेली नि साहेब भटकायला लागले.

मग युक्ती केली, हातात पत्र्याचा रिकामा डबा धरला. काम असलेल्या माणसाला कोणी अडवत नाही. (हे मला ऑफिसातच कळायला हवं होतं.) फक्त शेजारच्या चैतीमावशीनं हटकलं, “रिकामाच जातोस, तर नागली दळून आण ना!” दुसऱ्या दिवशी कोणाच्या गोळ्या, कोणाची छत्री. आठवड्यात मी झोपायला लागलो.

पण गुण चालण्याचा की कामांचा? तपासून पाहिलं. एक दिवस सगळी कामं फागूच्या जीपनं केली, तर रात्रभर छत मोजत होतो. दुसऱ्या दिवशी कामाशिवाय नुसता चाललो, पडल्या पडल्या झोप! चढावर दम लागला की डोक्यातला शेरा अर्ध्यावर राहतो, आणि माथ्यावर पोचेपर्यंत तो कशाबद्दल होता तेच आठवत नाही. असं का होतं, हे डॉक्टरांना विचारणार आहे. उतरताना विचारीन म्हणतो, चढताना प्रश्नही विसरतो.

वहिनींना नमस्कार.

आपला,
रमाकांत

ता. क. हे पत्र चंपाला दाखवू नये. “चौतीस वर्षं सांगत होते, ऑफिसला चालत जा,” असं म्हणेल.

ता. क. २ : दाखवलंत तरी चालेल. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढल्या आहेत.

ता. क. ३ : खरं तर दाखवाच. तिच्याशिवाय घर खायला उठतं. शनिवारच्या एसटीनं येतो. स्टँडपासून पायीच येईन, म्हणजे दारात पोचेपर्यंत डोकं शांत असेल. तिनं मला आत घेतलं नाही, तर निदान डबा तरी घ्या. तो या वेळी रिकामा नाही. तिच्या आवडीचं नागलीचं पीठ आहे आणि वर एक चिठ्ठी, ‘चुकलो’ एवढीच. खाली जागा सोडली आहे, शेरा तिनं मारावा.