दिनकरच्या मामाची पोरगी

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

आज सांगून टाकलं. पन्हाळ्यावर, चहाच्या टपरीबाहेर. समोर शाळेपासूनचे माझे दोघे दोस्त, दिनकर आणि सलीम. दिनकरनं आपल्या मामाच्या पोरीचं स्थळ माझ्यासाठी आणलंय आणि महिनाभर मी काहीबाही सांगून टाळत होतो. आज त्यानं सरळच विचारलं, "पोरगी चांगली हाय की. तुला का नको हाय?"

मी म्हणालो, "तिच्यात खोट न्हाय, दिनू. मला बायकांची ओढच न्हाय. पुरुषांची हाय. पहिल्यापासनं."

दिनकरच्या हातातला चहा हातातच राहिला. सलीम हळूच म्हणाला, "मला वाटलंच हुतं. तू सांगशील म्हणून गप हुतो." इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं? आणि मी त्याच्यासमोर पोरींच्या गप्पा मारत होतो.

पण दिनकरनं चहा बाकड्यावर ठेवला आणि तोंड फिरवलं. चहावर साय धरली तरी इकडे बघेना. दोस्ती संपली, असंच वाटलं. शेवटी म्हणाला, "मला ह्यातलं काय कळत न्हाय. पर पोरीला फसवलं न्हाईस, ते बरं केलंस. मामाला सांगतो, मीच मोडता घातला म्हणून. शिव्या मला बसू देत."

उद्या त्याला वेगळं वाटेल का? वाटेलही. पण परतताना एस.टी.त त्यानं शेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. तो साय धरलेला चहा मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

घरी आल्यावर आईकडे तिसरी भाकरी मागितली. महिनाभर मी एका भाकरीवरच उठत होतो; ती बघतच राहिली.