हितेंद्रची घागर

हितेंद्र,

पत्राच्या वर चिरंजीव लिहायची सोय तू ठेवली नाही, म्हणून नुसतं नाव.

धुळ्याहून जळगावला विद्यापीठात परत जाताना अपघातात तू गेला, त्याला वर्ष होत आलं. आज आखाजी शे, अक्षय तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, पण तुझी आई अडून बसली. म्हणे, "घागर भरली म्हणजे तो खरंच गेला."

दुपारी तुझ्याबरोबर शिकणारी दिपमाला आली. बाटलीत चिमूटभर करडी भुकटी. "आजी, हितेंद्रने कंप्युटरवर नुसत्या हिशोबाने मांडलेला नवा पदार्थ आम्ही प्रयोगशाळेच्या भट्टीत बनवला. त्याने सांगितला तसाच निघाला."

मी तुला हिणवायची, पीठ ना चूल, अन् म्हणे भाकर कशी फुगेल ते आधीच सांगतो. आता कोणाला हिणवू?

तुझ्या आईने बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "त्याचं राहिलेलं काम झालं. भरा आता घागर."

घागरीवर खरबूज ठेवून गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. माझी जीभ गावभर चालते, पण तिथे हलेना. नाव तुझ्या आईनेच घेतलं.

तुझ्या मागे राहिलेली,
प्रमिलाआजी