शनिवार सायंकाळच्या दोन खुर्च्यांबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब,
हिरेमळा पोलीस ठाणे (परवाना कक्ष),
पुणे शहर.

अर्जदार : सौ. सिम्हा एलिझर झिराडकर, वय ६८ वर्षे, चिटणीस, यहूदी समाज शिक्षणोत्सव समिती, पुणे.

विषय : शिक्षणोत्सवास रविवार सकाळपासून दिलेली परवानगी शनिवार सायंकाळपासून लागू करणेबाबत, तसे न जमल्यास निदान दोन खुर्च्यांपुरती लागू करणेबाबत.

संदर्भ : १) समितीचा मूळ अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे परवानगीपत्र. ३) परवाना कक्षातील श्री. विश्वजीत घुले यांच्याशी आज सकाळी झालेली तोंडी चर्चा, जिचा शेवट 'बघू' या शब्दाने झाला.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार महानगरपालिकेच्या सेवेतून निवृत्त झालेली असून अर्ज कसा असावा हे तिला कोणी शिकवण्याची गरज नाही. अर्ज छोटा असावा, विषयाला धरून असावा आणि त्यात रडगाणे नसावे. प्रस्तुत अर्ज यांपैकी एकाही कसोटीला उतरणार नाही, याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवलेली बरी. आज शुक्रवार आहे. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा वार लागतो. तेव्हापासून उद्या शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत अर्जदाराला पेन हाती धरता येत नाही, सही करता येत नाही, फोनही उचलता येत नाही. त्यामुळे जे सांगायचे ते आत्ताच सांगणे भाग आहे.

२. पुण्यात आता मूठभर उरलेला हा समाज वर्षातून एकदा शिक्षणोत्सव भरवतो. त्याचा नियम असा की, जो शिकायला येतो त्याने शिकवायचेही, आणि जो शिकवतो त्याने दुसऱ्याच्या वर्गात सतरंजीवर बसून शिकायचे. नावामागे डॉक्टर, प्राध्यापक, अध्यक्ष असे काही लावायचे नाही. छातीवरच्या चिठ्ठीवर फक्त पहिले नाव. प्रमुख पाहुणेही नाहीत. यावर श्री. घुले यांचा विश्वास बसेना. प्रमुख पाहुण्यांशिवाय पुण्यात कार्यक्रम होतच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले आणि ते काही खोटे नाही. शेवटी त्या रकान्यात 'सर्वजण' असे लिहावे लागले. त्यावर बंदोबस्त नेमका कोणाकोणासाठी लावायचा, असा नवा प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

३. वक्त्यांच्या यादीवरही आपल्या कार्यालयाने बारा हरकती काढल्या. समितीने त्या निमूटपणे निस्तरल्या, याची नोंद व्हावी. वाघोलीचे महिपती हे लाकडी घाण्यावर तेल काढतात. आमचे पूर्वज कोकणात हाच धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना बोलावले. घाण्याला बैल असल्यास वेगळी परवानगी लागेल, असे सांगण्यात आले. बैल नाही, मोटर आहे, असे कळवल्यावर अग्निशमन दलाचा दाखला मागण्यात आला. आता महिपती फक्त मूठभर तीळ आणि पेंड घेऊन येणार आहेत. वारजेच्या द्वारका या निवृत्त परिचारिका. अखेरच्या घटकेला वेगवेगळ्या धर्मांची घरे काय करतात, हे त्यांनी जन्मभर पाहिले, तेच त्या सांगणार आहेत. हा विषय 'भीती पसरवणारा' नाही, असा खुलासा त्यांना द्यावा लागला. झुलेखा अरबी आणि हिब्रू अक्षरे शेजारी शेजारी काढून दाखवणार आहेत. मणिपूरहून शिकायला आलेल्या आमच्याच धर्माच्या विद्यार्थ्याला परदेशी नागरिक धरण्यात आले होते. त्याने आधारकार्ड दाखवल्यावर श्री. घुले 'असं होय' एवढेच म्हणाले. 'ज्यूंच्या कार्यक्रमात ज्यू सोडून सगळी दुनिया कशाला?' असेही त्यांनी विचारले. या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, आपापसात आम्ही सगळे एकमेकांना पाठ आहोत.

४. आता मूळ चुकीबद्दल. चूक अर्जदाराची आहे, कार्यालयाची नाही. आमच्यात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आधी संध्याकाळ, मग सकाळ. शनिवारी तारे दिसले की आमचा रविवार लागला. अर्जदाराने नोकरीत असताना तारखा इतरांसारख्याच लिहिल्या. पण हा अर्ज घरी, जेवणाच्या टेबलावर, उत्सवाची पत्रिका समोर ठेवून लिहिला आणि लिहिता लिहिता घरचा हिशेब लागू झाला. तिने लिहिले : 'रविवार दि. १८ जानेवारी. प्रारंभ सायंकाळी सात. उर्वरित वर्ग सकाळी नऊपासून.' बाई वयस्कर आहेत, क्रम चुकला असेल, अशा समजुतीने आपल्या कार्यालयाने तो क्रम सरळ करून दिला. रविवारी सकाळी नऊला प्रारंभ आणि सायंकाळी सातला समारोप! कार्यालयाने केलेली ही मदत आहे, हे अर्जदाराला कळते. पण त्यामुळे उद्याच्या सायंकाळी परवानगीच नाही, आणि सगळे अडले आहे ते उद्याच्या सायंकाळपाशी.

५. आज सकाळी ही बाब निदर्शनास आणली असता श्री. घुले यांनी आपुलकीने ऐकून घेतले. 'एवढंच ना बाई? साहेब आज बंदोबस्तात आहेत. उद्या अकराला या, त्यांच्यासमोर दुरुस्तीवर सही करा, विषय संपला,' असे ते म्हणाले. उद्या शनिवार आहे आणि अर्जदाराला सही करता येत नाही, हे त्यांना समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. अंगठा चालेल का, असे त्यांनी विचारले. अंगठाही चालत नाही. मग दुसऱ्या पदाधिकाऱ्याला पाठवा, म्हणाले. सगळे पदाधिकारी आमचेच, म्हणजे सगळ्यांची गत तीच. सही करू शकतील असे महिपती, द्वारका आणि झुलेखा हे पदाधिकारी नाहीत. एकाला आजच पदाधिकारी नेमून टाका, असा मार्ग त्यांनी सुचवला. धम्मदीप नावाचे वक्ते ठाण्यापासून जवळच, येरवड्यात राहतात. त्यांना सहचिटणीस नेमावे म्हणून अर्जदाराने दुपारी समितीच्या अध्यक्षांपुढे कागद ठेवला. अध्यक्षांनी चष्मा लावून तो वाचला. 'वक्ता म्हणून चिठ्ठी निघाली, मान्य केलं. सहीपुरता कोणी घरचा होत नसतो,' असे म्हणून त्यांनी कागद परत केला.

६. येथे अध्यक्ष आणि धम्मदीप यांच्याविषयी खुलासा करणे प्राप्त आहे. अध्यक्ष श्री. एलिझर झिराडकर, निवृत्त गणितशिक्षक, हे अर्जदाराचे यजमान. धम्मदीप नागोराव रंगारी हे अर्जदाराच्या एकुलत्या एका मुलीचे, नाओमीचे, पती. नाओमीने नऊ वर्षांपूर्वी नोंदणी विवाह केला, त्या दिवसापासून यजमानांनी तिच्याशी किंवा तिच्या नवऱ्याशी एक शब्द बोललेला नाही. अर्जदार दर पंधरा दिवसांनी येरवड्याला जाते. परत आल्यावर यजमान 'भाजी मिळाली का?' असे विचारतात आणि रिकाम्या पिशवीकडे बघत नाहीत. आपला आक्षेप जातीला नाही, समाजाच्या घटत्या संख्येला आहे, असे त्यांचे म्हणणे. असे म्हणणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत, असे धम्मदीप यांचे म्हणणे. अर्जदाराला दोघांचेही म्हणणे खरे वाटते आणि म्हणून तिला झोप लागत नाही.

७. उत्सवाची सुरुवात जोडवाचनाने होते. दोघांनी समोरासमोर खुर्च्या टाकून बसायचे, पवित्र ग्रंथातला एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि त्यावर वाद घालायचा. वाद कितीही पेटला तरी उतारा संपेपर्यंत उठायचे नाही. आणि समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने नीट मांडल्याशिवाय ते खोडायचे नाही. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि निघालेली चिठ्ठी नाकारता येत नाही, हा रिवाज आहे. यंदा पहिली जोडी एलिझर आणि धम्मदीप अशी निघाली. चिठ्ठ्या अर्जदाराने केल्या होत्या. याहून जास्त चौकशी आपल्या कार्यालयाने कृपया करू नये. यजमानांनी चिठ्ठी स्वतः उलगडून पाहिली. मग उतारा कोणता, एवढेच त्यांनी विचारले आणि तो स्वतःच निवडला. पाहुणा दाराशी आला असता यजमानाने काय करावे, याविषयीचा तो उतारा आहे. धम्मदीप यांच्या आजोबांनी १९५६ साली, चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या मुलांच्या शेजारी बसून नव्या धर्माची वंदना पाठ केली होती. तीच गोष्ट ते या उताऱ्याला जोडून सांगणार आहेत. गेले काही दिवस यजमान टिपणे काढत बसतात. परवा त्यांनी मधेच मान वर करून विचारले, 'त्याच्या आजोबांचं नाव काय गं?' नऊ वर्षांत त्या घराविषयी त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. अर्जदार उत्तर देऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

८. हे वाचन रविवारी सकाळी का ठेवत नाही, असे आपण विचाराल. रविवारी सकाळी आठ वाजता यजमानांना रुग्णालयात दाखल व्हायचे आहे आणि सोमवारी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. रुग्णालयाची चिठ्ठी सोबत जोडली आहे. डॉक्टरांनी हात राखून सांगितले आहे. वय आणि साखर पाहता ते भरवसा देत नाहीत. अर्जदार देवावर भार टाकून आहे. पण सोमवारी दार बंद झाले आणि ते पुन्हा उघडलेच नाही, तर नाओमीचा बाप तिच्याशी न बोलता गेला, हे तिने जन्मभर कसे वागवायचे? अर्जदाराला सोमवारची भीती आहेच. त्याहून मोठी भीती उद्याची सायंकाळ फुकट जाण्याची आहे.

९. घरी भेटा, चार माणसांना परवानगी कशाला, असे श्री. घुले यांनी म्हटले. असे म्हणणारा माणूस आमच्या यजमानांना ओळखत नाही. ते जावयाला घरात घेणार नाहीत आणि त्याच्या घरची पायरी चढणार नाहीत. त्यांनी नऊ वर्षे न बोलण्याचा शब्द पाळला आहे आणि पुण्यातल्या शिक्षकाला स्वतःचा शब्द मोडायला निदान नियमाचे निमित्त तरी लागते. उत्सवाच्या आवारात, चार लोकांदेखत, चिठ्ठी निघाली म्हणून बसायला ते तयार झाले आहेत. तेही परवानगी असेल तरच. 'बेकायदेशीर जागी मी बसणार नाही,' असे त्यांनी आज दुपारी जाहीर केले आणि ते ऐकून अर्जदार हा अर्ज लिहायला बसली. सुटायला त्यांना कायद्याचे निमित्त आयते मिळते आहे. साहेब, हे निमित्त आपण त्यांच्या हातातून काढून घ्यावे.

१०. सबब प्रार्थना अशी की, या अर्जावरील आजची सही हीच दुरुस्तीची सही समजून परवानगी शनिवार सायंकाळपासून लागू करावी. ते जमत नसल्यास मांडव, ध्वनिक्षेपक, रोषणाई, महिपतींचे तीळ हे सर्व वगळून फक्त दोन खुर्च्या आणि वर एक दिवा एवढ्याला परवानगी द्यावी. दिवाही नियमात बसत नसेल तर तो आम्ही आजच, सूर्यास्तापूर्वी लावून ठेवू. तो उद्यापर्यंत तेवता राहील, मग त्याला उद्याची परवानगी लागू नये. लेखी आदेश नसेल तर एक हवालदार पाठवून 'बसा' एवढे तोंडी सांगितले तरी चालेल. गणवेशातला माणूस 'बसा' म्हणाला तर यजमान बसतील, याची अर्जदाराला खात्री आहे. फोन करू नये, उचलता येणार नाही.

११. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर अर्जदार आपल्याला आधीच नोटीस देते की ती कायदा मोडणार आहे. आजवर तिने कागदावर खाडाखोडसुद्धा केलेली नाही. उद्या तारे दिसल्यावर ती आवारात दोन खुर्च्या समोरासमोर मांडील, यजमानांचा हात धरून त्यांना एकीवर बसवील आणि दुसरीवर धम्मदीप यांना. वाचन मग आपल्या माणसांनी येऊन थांबवले तरी हरकत नाही. गुन्हा अर्जदारावर दाखल करावा आणि बेकायदेशीर जमाव म्हणून त्या दोघांनाही ताब्यात घ्यावे. त्यांना कृपा करून वेगवेगळ्या गाड्यांतून नेऊ नये. एकाच गाडीत, समोरासमोरच्या बाकांवर बसवावे, ठाण्यावरही एकाच खोलीत ठेवावे आणि उतारा संपेपर्यंत जामिनाचे नाव काढू नये. आठ वाजता रुग्णालयात हजर व्हायचे असल्याने त्यापूर्वी सोडावे. मात्र सोडताना दोघांना एकत्र सोडावे.

आपली नम्र, आज सूर्यास्तापर्यंतच सही करू शकणारी,

(सही)
सौ. सिम्हा एलिझर झिराडकर
पुणे, शुक्रवार, दि. १६ जानेवारी २०२६