कुसाबाई आली तर

ज्योत्स्ना,

मी रिक्षानं दवाखान्यात पुढे जातोय. माझी चांदवडची भावजय कुसाबाई पुन्हा भेटायला येतेय, असा शेजारी फोन आला, म्हणून पळालो. मागच्या खेपेला तिनं उंबऱ्यातच डोक्यावर पदर घेऊन मयताच्या घरी काढतात तसा गळा काढला, आणि मी आत भेळ खात होतो! अगं बाई, निदान माणूस गार होईस्तोवर तरी थांब.

तिला सांग, म्हातारा वणीच्या डोंगरात वाघाशी कुस्ती खेळायला गेलाय आणि डोक्यावरचे केस त्या वाघानंच उपटले. खरं मानेल, तेवढीच अक्कल आहे. मोसंबी आणली तर ठेवून घे, रडं परत पाठव.

शेखरला मात्र सांग, काल डॉक्टर त्याला बाहेर नेऊन काय म्हणाले ते मी दाराआडून ऐकलंय. पहिल्या औषधानं गाठ हलली नाही, आजपासून नवीन देणार. कालपासून तुझा नवरा माझ्यासमोर दात काढून हिंडतोय. नाटकात झाडाचंसुद्धा काम मिळणार नाही त्याला.

डबा नको, घशाखाली उतरत नाही. दोघं लवकर या. आज एकट्यानं सलाईनखाली पडायचा धीर होत नाही.

अण्णा