बाटल्या कमी का भरल्या

जांभूळमळा, ता. नेवासा
१४ सप्टेंबर २०२५

चि. वृषाली,

आशीर्वाद. गुडघा बरा आहे, त्याची चौकशी नको. पाऊस पुरेसा झाला. आपली पांढरी वाइन यंदा नितळ उतरली आहे. लोक म्हणतात, थोडी आंबट, मागून पेरूचा वास.

बाटल्या कमी का भरल्या, असं तू फोनवर विचारलंस. मी विषय बदलला. आता लिहिते.

तुझे अण्णा गेले त्या कार्तिकातल्या दुपारी त्यांनी शिंगखत कालवलं होतं. आपल्याच कपिलेच्या शिंगात भरून पुरलेलं शेण, पिंपभर पाणी आणि कोपरापर्यंत हात घालून तासभर भोवरा. मग विहिरीची मोटार बंद करायला गेले, ते तिथेच बसले. उठले नाहीत. कालवलेलं पाणी त्याच संध्याकाळी मारायचं असतं, शिळं चालत नाही. म्हणून लोक जमेपर्यंत मी ते द्राक्षबागेत शिंपडलं. नवरा अंगणात अन् ही बागेत, असं भावकी बोलली, तुला ठाऊक आहे.

जूनमध्ये तू पाठवलेले पुण्याचे व्यापारी आले. अण्णांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. एक घोट घेतला, पेला ठेवला, विहिरीकडे मान वळवली आणि म्हणाले, "मोटार बंद केली का?"

"काय म्हणालात?"

"कुठे काय? माल चांगला आहे म्हटलं."

मी बी.एस्सी. झालेली बाई. खात्री करायला खुरपणीच्या छबूबाईला दिली. "लई आंबाट हाय. ह्याला पैसं देत्यात व्हय?" म्हणाली, दुसरा घोट घेतला आणि तोच प्रश्न. सूरही तोच, दमलेला. नंतर तिलाही काही आठवेना.

मग मीटर बघायला आलेला माणूस. शिंगणापूरहून परतताना वाट चुकलेलं जोडपं. येईल त्याला मी पेला देते. विचारलं की सांगते, "केली. हात धुऊन जेवायला या." चेहरा लगेच सैल पडतो. वाइन अशी पेल्यांतून गेली, म्हणून बाटल्या कमी.

शनिवारी त्या व्यापाऱ्यांचा टेम्पो येईल, तो रिकामा परत पाठवणार आहे. पुण्यात कुणाच्या तरी घरी अण्णा विचारतील. तिथे विहीर नाही, उत्तर देणारं कुणी नाही.

मी स्वतः अजून चाखलेली नाही. माझ्या तोंडून विचारलं तर सांगणार कोण? तू ये. समोर बस. घोट मी घेईन. काय म्हणायचं, ते तुला आता माहीत आहे.

वाट पाहते.

तुझी आई

मोटार बंद आहे. आत्ताच बघून आले.